ओवींतील भिवरा
(ज्युबिली समारंभांत झालेलें भाषण)



आजच्या मंगल प्रसंगीं मी आपणांपुढें एक लहानसें कोडें ठेवितों. समजा, बारामती-इंदापूरकडील एखाद्या वृद्ध स्त्रीनें जात्यावरच्या ओवींत आपलें माहेर भिवरेच्या तीरीं असल्याचें गाइलें. ऐकणारा परमुलुखांतला असला तर तो भिवरा नांवाचें गांव शोधूं लागेल. तें न सांपडल्यास बाईचाच शब्द चुकला असा निकाल देऊन मोकळा होईल.

चूक बाईची नव्हे. भिवरा म्हणजे आपली भीमा नदी. भीमाशंकरीं उगम पावून ती इंदापूर तालुक्याच्या सीमेवरून वाहते. नीरा नरसिंहपुरास तिला नीरा मिळते. पुढें पंढरपुरास ती चंद्रकोरीप्रमाणें वळते, म्हणून तेथें तिचें नांव चंद्रभागा.

परंतु एवढ्यानें कोडें सुटत नाहीं. वारकरी पंढरीसही माहेर म्हणतो, आणि पंढरीही याच नदीच्या कांठीं. मग ओवींतलें माहेर कोणतें? बुक्का, वाळवंट, रुखमाई हे शब्द शेजारीं असले तर पंढरी समजावी. बैलगाडी, चोळी, भावजय असे शब्द असले तर जन्मगांव समजावें. तरीही शंका उरते, कारण ओव्यांतून विठ्ठलच पुष्कळदां भाऊ होऊन येतो. अशा वेळीं निर्णय एकच व्यक्ति देऊं शकते, ती म्हणजे स्वतः गाणारी. तिला विचारावें.

हें विचारणें लांबणीवर टाकूं नये. 1980 सालीं उजनी धरण पूर्ण झालें आणि भीमाकांठचीं कित्येक गांवें जलाशयाखालीं गेलीं. पळसदेवचें जुनें गांव बुडालें. लोकांनीं नांव बरोबर नेऊन नवें गांव वसविलें. पाणी फार ओसरलें म्हणजे पळसनाथाचें जुनें मंदिर अजून वर दिसतें. तेथून सासरीं गेलेल्या लेकीच्या ओवींतलें गांव आजच्या नकाशांतल्या जागीं कसें सांपडावें? तें तिच्या स्मरणांतच आहे.

हेमा राईरकर व गी पॉइतवां यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांनीं ओवीबरोबर गाणारीचें नांव व गांवही नोंदविलें. यामुळेंच एकच ओवी दोन गांवीं दोन निराळ्या स्थलनामांनीं म्हटली गेली, तर एक खरें व दुसरें खोटें असें ठरवावें लागत नाहीं. जिनें तिनें आपलें माहेर तींत घातलेलें असतें.

ओवी आपणां ख्रिस्ती जनांसही परकी नाहीं. 1616 सालीं छापलेलें फादर थॉमस स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’ याच छंदांत आहे. म्हणून माझी तरुणांस विनंती आहे: मिस्सा आटोपल्यावर घरच्या व शेजारच्या आजीबाईंजवळ बसा. त्या म्हणतील तसेंच लिहा; आपलें अनुमान समासांत ठेवा; शब्द ‘सुधारूं’ नका. गांवाचें नांव कळलें नाहीं तर तें कोणत्या नदीच्या कांठीं, कोणत्या गांवाच्या शेजारीं, एवढें विचारून घ्या.

उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांस नांवानें ओळखतो, असें आपण मानतों. मग आपल्या आयांनीं जपलेलीं नांवें आपल्या हयगयीनें हरवूं नयेत, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.