काळा दगड आणि सातबारा

(पोखर्णी, जि. परभणी येथील बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या आणि ज्वारीच्या भावावर बोलणारे आज पुष्कळ आहेत. माझ्या वाट्याला दगड आला आहे. विहीर खोदताना किंवा नाल्याच्या काठाला काळा, जडसर दगड निघाला की गावात कुजबुज सुरू होते, 'मँगनीज लागलं'. मग कुणीतरी जीपमधून येतो आणि स्टँप पेपर पुढे करतो. दोन हंगाम हातचे गेलेल्या माणसाला सही करावीशी वाटली तर त्याला दोष देता येत नाही. पण मँगनीज म्हणजे काय, ते कुठे असते आणि कुणाचे असते, एवढे सहीच्या आधी कळले पाहिजे.

महाराष्ट्रात या खनिजाची मोठी जागा आपल्यापासून दूर, सातपुड्याच्या पायथ्याच्या डोंगर-जंगलात आहे. नागपूर जिल्ह्यात मनसर, कांद्री, गुमगाव. भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग. तोच पट्टा पुढे मध्य प्रदेशात बालाघाटकडे जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कंपनीने तिथे खोदायला सुरुवात केली. १९६२ साली मँगनीज ओअर इंडिया ही कंपनी निघाली, तीच आजची 'मॉइल'. तुमच्या नांगराच्या फाळात, रेल्वेच्या रुळात थोडे तरी मँगनीज असतेच. त्याशिवाय चांगले पोलाद होत नाही. आणि रात्रीची लाइन आली की पाणी द्यायला जाताना जी बॅटरी हातात घेता, तिच्या साध्या सेलमधली काळी पूड मँगनीजचीच. डोंगरी बुजुर्गचा दगड त्याच कामाचा म्हणून प्रसिद्ध आहे.

आता हा दगड झाला कसा ते पाहा. निदान नव्वद-शंभर कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. प्राणवायू नसलेल्या खोल पाण्यात मँगनीज विरघळून राहते. प्राणवायू असलेल्या पाण्यात आले की काळा गाळ होऊन तळाला बसते. वाळू, चिखल, चुना यांच्या थरांमध्ये हा काळा थर बसला, कुठे बोटभर तर कुठे पुरुषभर. पुढे जमिनीच्या पोटात सारे थर दाबले गेले, भाजले गेले. शुद्ध गाळ होता तिथे चांगले खनिज झाले. जिथे वाळू-चिखल मिसळला होता तिथे एक चिवट, जड खडक झाला. भूगर्भ खात्यातले इंग्रज अधिकारी लुई फर्मोर यांनी १९०९ साली हिंदुस्थानातल्या मँगनीजवर मोठा ग्रंथ लिहिला. या खडकाला त्यांनी गोंडांवरून 'गोंडाइट' नाव दिले. (नाव गोंडांचे, खाण कंपनीची!)

हे थर सपाट राहिले नाहीत. गोधडी चुरगाळून फेकावी तशा त्यांना घड्या पडल्या. घडीचा माथा जिथे उघडा पडतो तिथे खनिज दिसते, मग ते खाली बुडी मारते आणि दोन शेते सोडून पुन्हा वर येते, किंवा येतही नाही. आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला, टणक राहिला, म्हणून खनिज बहुधा टेकडीवर सापडते. शिवाय लाखो पावसाळ्यांनी वरचा भाग कुजवून वाळू-गारेतला काही माल धुऊन नेलेला असतो. त्यामुळे वरचे दगड भारी प्रतीचे आणि हात-दोन हात खाली गेले की हलके, असेही होते. लहान साठ्यात माणूस फसतो तो इथे.

हिशेब करून पाहा. शंभर मीटर लांब, दोन मीटर जाड आणि वीस मीटर खोल असा थर धरला तर चार हजार घनमीटर, म्हणजे सोळा हजार टनांच्या आसपास. ऐकायला मोठे वाटते. पण थर तिरपा खाली जातो, आणि तो काढायला वरचा निकामी खडक कितीतरी पट उपसावा लागतो. तो ढीग कुणाच्या तरी वावराशेजारीच पडतो. खड्डा विहिरींपेक्षा खोल गेला आणि तिथे पंप बसला, की भोवतालच्या विहिरींचे पाणी कोणत्या बाजूला जाणार हे तुम्हाला सांगायला नको.

आपल्या परभणीकडचा खडक वेगळा. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहत आलेला लाव्हा आहे. शंभर किलो काळ्या दगडात मँगनीज पाव किलोच्या आतबाहेर. खाणीच्या मालात ते तीस-चाळीस किलो असते. मांजऱ्या दगडाच्या भेगेत झाडाच्या पानासारखी काळी नक्षी दिसते, ती मँगनीजचीच, पण रंगाच्या हातापेक्षा जाड नसते. तिच्यावर खाण चालत नाही.

दगड घरी तपासता येतो. एक किलोचा दगड दोऱ्याने काट्याला टांगून बादलीत पूर्ण बुडवा. आपला काळा दगड असेल तर वजन तिसऱ्या हिश्श्याने घटेल, साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास भरेल. चांगले मँगनीज पावणेआठशेच्या पुढे राहील. कपाच्या बुडाच्या खरखरीत कडेवर घासा: मँगनीजची रेघ काळी किंवा काळपट तपकिरी, लोहखनिजाची बहुधा तांबडी. जुन्या स्पीकरचा लोहचुंबक जोरात चिकटला तर तेही लोखंडच समजा. एवढे करूनही शंका राहिली तर प्रयोगशाळेत द्या, मात्र दगड स्वतः खोदून द्या. जीपवाल्याने खिशातून काढलेल्या दगडाची तपासणी करून उपयोग नाही.

आता स्टँप पेपर. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम ४८ वाचा. जमिनीतल्या खनिजांचा हक्क सरकारने स्वतःकडे ठेवला आहे. सातबारा तुमचा, पेरणी तुमची, कर्जही तुमचे. खाली काही निघाले तर ते सरकारचे. केरळातल्या मलबारच्या जमिनींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली खनिज जमीनमालकाचे मानले, कारण तिथे ते काढून घेणारा कायदा नव्हता. आपल्याकडे तो आहे. तो असावा का, हा प्रश्न जिल्हा बैठकीत मांडण्याजोगा आहे आणि मी तो मांडणार आहे.

पण तोपर्यंत मँगनीजचा खाणपट्टा तुम्ही कुणाला देऊ शकत नाही आणि जीपवाला घेऊ शकत नाही. २०१५ पासून असे पट्टे सरकार लिलावाने देते. जंगलात असेल तर १९८० च्या वनकायद्याखाली केंद्राची मंजुरी लागते, शिवाय २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे तिथल्या लोकांचे दावे असतात. मग तुमच्या सहीने त्याला काय मिळते? मिळते ती जमीन. कागदावर 'खनिज' लिहिलेले असते आणि खालच्या ओळीत गट नंबर, क्षेत्र, ताबा. त्या ओळी वकिलाकडून वाचून घ्या. खरा पट्टेदार आलाच, तर जमिनीच्या वरच्या नुकसानीची भरपाई त्याने द्यायची असते. ती मागताना विहीर, झाडे, बांध सगळे मोजून धरा.

मंडपाच्या मागे काटा, बादली आणि एक कप ठेवला आहे. ज्यांनी दगड आणले आहेत त्यांनी चहा झाला की तिकडे यावे.