गोळीचा भोवरा



१ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली कुस्तीत जिंकले, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली. अशा यशानंतर घरोघरी रायफलची चौकशी होणे स्वाभाविक आहे. मात्र लोक किंमत विचारतात, वजन विचारतात. नळीचा पीळ किती, हे सहसा कोणी विचारीत नाही.

रायफलच्या नळीत आतून मळसूत्री खाचा असतात. त्यांतून जाताना गोळी स्वतःभोवती फिरू लागते. भोवरा वेगाने फिरतो तोवर आरेवर ताठ उभा राहतो, गती मंदावली की डुलतो आणि आडवा होतो. लांबट गोळीचेही तसेच आहे. फिरकी अपुरी पडली, तर हवेच्या रेट्याने ती कलंडते आणि लक्ष्याच्या कागदाला गोल भोक न पडता आडवी चीर पडते. किती इंचांत एक पूर्ण फेरा, हे पिळाचे माप. कुसाळे यांच्या स्पर्धेतील पॉइंट टू टू रायफलला साधारण १६ इंचांत एक फेरा असतो. तिची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची.

या बंदुकीत निवडीला फारसा वाव नाही. निवडीचा खरा प्रश्न पडतो तो अतिवेगवान हलक्या गोळ्यांच्या बाबतीत. अमेरिका, ऑस्ट्रेलियातील शेतकरी कुरणे पोखरणाऱ्या लहान प्राण्यांवर त्या वापरतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आवर घातला आहे. पण त्या बंदुकांकडून शिकण्याजोगे पुष्कळ आहे.

‘गोळी हलकी तर पीळ सैल, जड तर घट्ट,’ असे लोक म्हणतात. हे अर्धेच खरे. वुलविच येथे तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकविणाऱ्या ग्रीनहिल यांनी १८७९ साली एक सोपे सूत्र दिले. गोळीच्या व्यासाचा इंचांत वर्ग करा, त्याला १५० ने गुणा आणि गोळीच्या लांबीने भागा. व्यास ०.२२४ इंच आणि लांबी अर्धा इंच असेल, तर १५ इंचांत एक फेरा पुरतो. लांबी एक इंच झाली, की साडेसात इंचांत हवा. या सूत्रात वजन कोठेच नाही. शिशाच्या गाभ्याच्या गोळ्यांत वजन वाढले की लांबी वाढते, म्हणून वजनाचा नियम खरा भासतो. तीच गोळी निव्वळ तांब्याची केली, तर तेवढ्याच वजनाला ती अधिक लांब होते आणि अधिक पीळ मागते.

मग सर्वांना घट्टच पीळ का देऊ नये? सेकंदाला ११०० मीटर वेगाची गोळी १४ इंची पिळातून मिनिटाला सुमारे १ लाख ८६ हजार फेरे घेते. ७ इंची पिळातून त्याच्या दुप्पट. या हलक्या गोळ्यांचे तांब्याचे कवच मुद्दाम पातळ ठेवलेले असते. एवढ्या फिरकीने ते हवेतच फाटू शकते. शिवाय घडणीत गोळीचा तोल किंचित जरी ढळलेला असला, तरी जास्त फिरकीने ती नेमापासून अधिक दूर जाते.

उलट चूकही महागात पडते. १९५५ साली अमेरिकेत एकाच व्यासाच्या दोन बंदुका आल्या. विंचेस्टरने आपल्या २४३ ला १० इंची पीळ दिला. रेमिंग्टनने हलक्या गोळ्याच डोळ्यांपुढे ठेवून २४४ ला १२ इंची दिला. गिऱ्हाइकाला हलकी गोळीही हवी होती आणि हरणासाठी १०० ग्रेनची लांब गोळीही. त्याने विंचेस्टर उचलली. १९६३ साली रेमिंग्टनने नाव बदलून, ९ इंची पीळ देऊन तेच काडतूस पुन्हा आणले. पण गेलेली बाजारपेठ परत मिळाली नाही.

नळीत एकदा कापलेला पीळ बदलता येत नाही. बदलायची ती अख्खी नळी. म्हणून आधी आपले काम ठरवावे, त्या कामाची सर्वांत लांब गोळी कोणती ते पाहावे आणि तिला पुरून थोडा उरेल एवढाच पीळ घ्यावा. परवान्याचा अर्ज करण्यापूर्वी एवढा हिशेब कागदावर मांडावा.