रिकाम्या भांड्याचं वजन

आज माइकपुढे आम्ही दोघी आहोत. आवाज कुणाचा कुठला हे ओळखत बसू नका, आम्हालाही रेकॉर्डिंग ऐकताना ओळखू येत नाही. नावं सांगायची नाहीत असं दोघींच्याही घरून बजावलंय. होस्टेलवर आम्ही एकमेकींना 'डिप्लोमावाली' आणि 'बारावीवाली' म्हणतो, इथेही तेच चालवून घ्या. डिप्लोमावाली आपल्याच भागातली, दुधाच्या घरातली. बारावीवाली परभणीची. दोघी एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला आहोत आणि विषय आहे ॲनालॉग सर्किट डिझाइन.

केंद्रातल्या ताईंनी विचारलं, हे शिकायला आधी काय काय शिकलेलं असावं लागतं ते सांगाल का? आम्ही चटकन हो म्हणालो. मग रात्री वही घेऊन बसलो तेव्हा लक्षात आलं, की याच प्रश्नाला आम्ही एकदा कागदावर उत्तर दिलंय आणि तेव्हा घाम फुटला होता. प्रवेशाच्या अर्जात एक चौकट असते, 'शैक्षणिक पार्श्वभूमी'. त्या चौकटीचीच ही गोष्ट आहे.

त्याआधी ॲनालॉग म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं सगळं वाऱ्यावर जाईल. आमच्यापुढचा हा माइक आहे ना, आम्ही बोललो की त्याच्या तारेत वीज हलते. अगदी थोडी, एका व्होल्टचे हजार भाग केले तर त्यातले काही भाग. आवाज चढला की ती चढते, उतरला की उतरते. मधे पायऱ्या नाहीत, घाटातल्या रस्त्यासारखा सलग चढ-उतार. अशी सलग हलणारी वीज सांभाळायची, वाढवायची आणि वाढवताना तिच्यात आपली भेसळ होऊ द्यायची नाही, हे आमचं काम. मोबाइल, संगणक आतून आकड्यांवर चालतात हे खरं. पण जगातली कुठलीच गोष्ट आकडा होऊन येत नाही. आवाज, ताप, वजन, प्रकाश हे सगळं आधी अशा बारीकशा विजेतूनच येतं. त्या दारावर आम्ही उभ्या.

आता शिक्षणाची वाट. दहावीनंतर दोन रस्ते आहेत. एक बारावी सायन्स, मग सीईटी आणि चार वर्षांची इंजिनिअरिंगची पदवी. दुसरा तीन वर्षांचा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, म्हणजे आणखी तीन वर्षं. बेरीज करून बघा, दोन्हीकडे सहाच होतात. तरी गावात अजून 'डिप्लोमा म्हणजे कमी मार्कांचं' असं बोललं जातं. बारावीवालीच्या घरीही बोललं जायचं, हे तिनं स्वतःच सांगायला लावलंय.

पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून गेट ही परीक्षा देता येते. तीन तास, 65 प्रश्न, 100 गुण. मुलींना अर्जाचं शुल्क निम्मं असतं आणि मिळालेला स्कोअर तीन वर्षं चालतो. या स्कोअरवर एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन मिळू शकतं. हा आकडा आम्ही घरी सांगितला तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी आमचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं. पदवीच्या फीबद्दलही सांगून ठेवतो. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, वर्षाला आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना सरकारी केंद्रीय फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. कागद कुठले लागतात ते कॉलेजच्या खिडकीवर नीट विचारा आणि एकदा नाही म्हणाले तर दुसऱ्या दिवशी परत विचारा.

ही झाली सरळ वाट. डिप्लोमावालीची सरळ नव्हती.

थेट दुसऱ्या वर्षाला गेलं की पहिल्या वर्षाचं गणित झालेलं नसतं. आणि दुसऱ्या वर्षी समोर उभं राहतं एम-थ्री. त्यात लाप्लास ट्रान्सफॉर्म नावाचं प्रकरण आहे, सर्किटमध्ये वेळेनुसार काय काय बदलतं ते काढायचं गणित. वर्गातल्या बाकीच्यांना त्याआधीची पायरी माहीत होती, हिला नव्हती. एकदा नापास, परत नापास. इतर दोन विषयांच्या केटी साठल्या आणि वर्ष गेलं. घरी सांगितलं नाही. चार महिने रोज डबा घेऊन एसटीनं तालुक्याला जायची आणि स्टँडवरच्या वाचनालयात बसायची. आईला बाजारात कुणीतरी सांगितलं. आई रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, "मग डबा कुठं बसून खायचीस?" त्यावर जे रडू आलं ते आम्ही रेडिओवर सांगत नाही. वडील मात्र म्हणाले, आता पुरे, आलेलं स्थळ बघू. आईनं एक वर्ष मागून घेतलं, पण मोकळं बसायचं नाही या अटीवर.

तालुक्याला इलेक्ट्रॉनिक काटे दुरुस्त करायचं एक दुकान आहे. तिथं ती जायला लागली. डिप्लोमामुळे सोल्डर करता येत होतं, मल्टिमीटर हातात बसलेला होता.

आमच्याकडं बायकांची एक जुनी तक्रार होती, की डेअरीत आधी नंबर लागला तर दूध जास्त भरतं आणि ऊन चढल्यावर लागला तर कमी. सगळे हसायचे. दुकानात एक जुना काटा उघडलेला होता. मालकांनी तापलेली सोल्डर गन आतल्या एका छोट्या आठ पायांच्या आयसीजवळ नुसती धरली, टेकवली नाही. काट्यावर काहीही ठेवलेलं नसताना आकडा शून्यावरून हलला आणि चालायला लागला. ती म्हणते, त्या क्षणी आपल्याला काय शिकायचंय ते कळलं.

हिशोब सांगतो, सोपा आहे. काट्याच्या खाली लोडसेल नावाचा धातूचा तुकडा असतो. वजन पडलं की तो किंचित वाकतो आणि थोडी वीज देतो. समजा 100 किलोला 10 मिलिव्होल्ट. म्हणजे एक किलोला 100 मायक्रोव्होल्ट आणि 10 ग्रॅमला एक मायक्रोव्होल्ट, व्होल्टचा दहा लाखावा भाग. ही वीज वाढवणाऱ्या आयसीला ऑप-अँप म्हणतात. कॉलेजच्या लॅबमध्ये सगळीकडं दिसतो तो 741, बाजारात 1968 साली आलेला आणि अजून रिटायर न झालेला. त्याची स्वतःचीच चूक साधारण एक मिलिव्होल्ट असते. आपल्या काट्यावर ती होते दहा किलो! ती शून्य करून टाकता येते, पण ऊन चढलं की ती जागेवरून सरकते. एका अंशाला 10 मायक्रोव्होल्ट सरकली तर 100 ग्रॅमचा फरक. पहाटे एकदाच शून्य केलेल्या काट्यावर नऊ वाजता उभ्या राहिलेल्या बाईचं काय होत असेल, ते तुम्हीच बघा. प्रत्येक काटा असा असतो असं नाही, चांगले काटे ही चूक सांभाळतात. पण बायका उगीच बोलत नव्हत्या.

त्या वर्षात तिनं एम-थ्री सोडवलं. आयआयटी आणि आयआयएस्सीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएलवर फुकट आहेत, ती मोबाइलवर ऐकली. सर्किट संगणकावर करून बघायला ईसिम नावाचं आयआयटी मुंबईत तयार झालेलं फुकट सॉफ्टवेअर आहे. आणि तिथलेच स्पोकन ट्युटोरियल मराठीतूनही मिळतात, हे इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलींना मुद्दाम सांगा. लाप्लास पाठ करून जमला नव्हता. कपॅसिटर भरताना आणि रिकामा होताना डोळ्यांनी बघितला तेव्हा जमला.

बारावीवालीचं सगळं उलट. गुण भरपूर, एकही केटी नाही, आणि चार वर्षांत ऑसिलोस्कोपचं बटण स्वतःच्या हातानं फिरवलेलं नाही. लॅबमध्ये सहाजणांचा गट, तीन मुलगे यंत्रापुढे आणि मुली जर्नल लिहायला, अक्षर चांगलं म्हणून. तेव्हा बरंच वाटायचं. आज राग येतो.

आम्ही पहिल्यांदा भेटलो मुलाखतीच्या बाहेर, बाकावर. डिप्लोमावालीच्या हातात तोच अर्ज. चौकटीत तिनं आधी 'काटा दुरुस्तीच्या दुकानात एक वर्ष' असं लिहिलं होतं, मग खोडलं होतं, मग खोडलेल्याच्या वर बारीक अक्षरात परत लिहिलं होतं. "हे ठेवू का?" तिनं अनोळखी मुलीला विचारलं. अनोळखी मुलगी म्हणाली, "मला काय माहीत? माझ्याकडं तर लिहायला काहीच नाही, नुसते टक्के आहेत."

आत दोघींनाही एकच प्रश्न आला. एक भरलेला कपॅसिटर आहे, तेवढ्याच क्षमतेचा दुसरा रिकामा. दोघांना तारेनं जोडलं तर काय होईल? विद्युतभार अर्धा अर्धा वाटला जातो, व्होल्टेज निम्मं होतं. पण ऊर्जा मोजली तर दोघांची मिळून आधीच्या निम्मीच भरते. उरलेली निम्मी गेली कुठं? बारावीवालीनं सूत्रं बिनचूक मांडली आणि या शेवटच्या प्रश्नाला थांबली. डिप्लोमावालीला सूत्र लिहायला वेळ लागला. पण ऊर्जा कुठं गेली म्हटल्यावर ती लगेच म्हणाली, "सर, जोडताना ठिणगी उडते. आणि तार तापते." नंतर तिला ते गेलेलं वर्ष विचारलं. तिनं काट्याचं सांगितलं, नापास झाल्याचंही सांगितलं. वीस मिनिटं ते काट्यावरच बोलत होते. तिचं नाव पहिल्या यादीत आलं. बारावीवालीचं तिसऱ्या यादीत. मग खोली एकच मिळाली. एकीनं दुसरीला गणित शिकवलं, दुसरीनं पहिलीला सोल्डर धरायला शिकवलं. पहिल्याच दिवशी बोट भाजलं.

तर ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ओहमचा नियम आणि किरचॉफचे दोन नियम झोपेतून उठवलं तरी यायला हवेत. कपॅसिटर कसा भरतो, ट्रान्झिस्टर कसा चालतो, वाढवलेली वीज परत मागे आणून चूक कमी कशी करतात, तिला फीडबॅक म्हणतात, हे यायला हवं. आणि थोडं गणित. एवढंच आहे, पण ते खरोखर यायला हवं. बाकीचं इथं शिकवतात.

आता आम्ही दोघी मिळून एक ॲम्प्लिफायर बनवतोय. दूध ओतायच्या आधी रिकामं भांडं ठेवून काटा शून्य करतात ना, तसंच तो स्वतःचं करतो. बाहेरची वीज क्षणभर बाजूला ठेवून आधी स्वतःची चूक मोजतो, ती एका कपॅसिटरवर साठवतो आणि मग मापातून वजा करतो. सेकंदाला हजारो वेळा. त्यामुळे ऊन चढलं तरी चूक साचत नाही. आकारानं हे सगळं राजगिऱ्याच्या दाण्यापेक्षा लहान. नकाशा मोहालीच्या सरकारी चिप कारखान्यात गेलाय, तिथं 180 नॅनोमीटरच्या तंत्रावर चिप बनतात.

डिप्लोमावालीची आई दर रविवारी फोनवर विचारते, "आला का गं तुमचा दाणा?" अजून आलेला नाही. आला तरी पहिल्या फेरीत चालेलच असं नाही, बऱ्याच जणांचे चालत नाहीत. तपासायचं बोर्ड मात्र आम्ही तयार करून ठेवलंय. त्यावरचं सोल्डरिंग सगळं बारावीवालीनं केलंय.