दूरस्थांचा सहवास
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्यापैकी कित्येक घरांतील एखादा मुलगा अथवा मुलगी आज परदेशी आहे. रविवारी सायंकाळी आपण त्यांच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलतो. चेहरा दिसतो, शब्द ऐकू येतात. परंतु नजरेला नजर भिडत नाही. आपण पाहतो पडद्यावरील चेहऱ्याकडे आणि कॅमेरा असतो पडद्याच्या वर. त्यामुळे आपण खाली पाहत आहोत असे पलीकडच्यास वाटते. ही उणीव क्षुल्लक वाटेल. पण ती किती सलते, हे एखाद्या आईस विचारावे. ही उणीव दूर करण्यासाठी ज्या संशोधकाने आयुष्याचा मोठा भाग वेचला, त्या प्राध्यापक हेन्री फुक्स यांचा परिचय करून देण्याचे मी आज योजिले आहे.

फुक्स यांचा जन्म १९४८ साली हंगेरीतील टोकाय या गावी झाला. १९७५ साली त्यांनी अमेरिकेतील यूटा विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली. डोक्यावर घालावयाचे संगणकीय चित्रदर्शक साधन १९६८ साली सिद्ध करणारे आयव्हन सदरलँड हे त्याच विद्यापीठात अध्यापन करीत असत. १९७८ पासून फुक्स यांनी चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात आपले कार्य मांडले.

डोळ्यांपुढील खऱ्या दृश्यावर संगणकाने रचिलेले चित्र नेमक्या जागी बसविणे, यास संवर्धित वास्तव म्हणतात. १९९२ साली फुक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा एक विलक्षण प्रयोग केला. सोनोग्राफीचे चित्र एरवी बाजूच्या पडद्यावर दिसते. वैद्याला नजर एकीकडे आणि हात दुसरीकडे ठेवावा लागतो. या प्रयोगात ते चित्र गर्भवती स्त्रीच्या उदरातच, गर्भाच्या ठिकाणी दिसू लागले. तथापि डोके हलविले की चित्र मागे रेंगाळे व जागेवरून सरके. विद्या नवी होती आणि यंत्रे मंद होती. म्हणून प्रयोग टाकून न देता त्या मंडळींनी पुढे अनेक वर्षे याच दोषाशी झुंज दिली.

दुसरा प्रश्न दूरस्थांच्या भेटीचा. संजयाला कुरुक्षेत्र दिसत होते. पण कुरुक्षेत्रावरील कोणासही संजय दिसत नव्हता. खऱ्या भेटीत दर्शन दोन्ही बाजूंनी व्हावे लागते. एका कॅमेऱ्याला एकाच जागेवरून दिसते; म्हणून १९९४ साली फुक्स व सहकाऱ्यांनी ‘कॅमेऱ्यांचा सागर’ ही कल्पना मांडली. खोलीत चहूकडे कॅमेरे लावावयाचे, त्यांच्या चित्रांवरून प्रत्येक वस्तूचे अंतर मोजावयाचे, आणि पाहणारा जेथे उभा असेल तेथून जसे दिसावे तसे दृश्य संगणकाने रचावयाचे. पाहणारा बाजूस सरकला की दृश्यही त्याप्रमाणे पालटते. २०११ साली त्यांनी व त्यांचे विद्यार्थी अँड्र्यू मेमोन यांनी खेळासाठी बाजारात आलेली किनेक्ट नावाची साधी उपकरणे जोडून अशी व्यवस्था करून दाखविली.

आता आपणांस अभिमान वाटावा अशी एक गोष्ट सांगतो. १९९८ साली या प्रयोगशाळेतून ‘भविष्यातील कार्यालय’ हा गाजलेला निबंध प्रसिद्ध झाला. छतावरील दिव्यांच्या जागी प्रक्षेपक व कॅमेरे बसवून खोलीच्या भिंतीच पडदे बनवाव्यात, म्हणजे दूरचा सहकारी समोर बसल्यासारखा भासेल, अशी ती कल्पना. त्या निबंधाचे पहिले लेखक रमेश रास्कर हे नाशिकला जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. पुढे ते एम.आय.टी.मध्ये प्राध्यापक झाले आणि २०१६ साली पाच लक्ष डॉलरांचे लेमेल्सन-एम.आय.टी. पारितोषिक त्यांस मिळाले. फुक्स यांसही २०१५ साली संगणक-चित्रविद्येतील स्टीव्हन कून्स पारितोषिक देण्यात आले. गुरूने शिष्याचे नाव आपल्या नावाच्या आधी छापू द्यावे, हा मोठेपणा मज शिक्षकास विशेष भावतो.

बंधुभगिनींनो, ही कथा मी केवळ कौतुकासाठी सांगितली नाही. आपले मंडळ दरवर्षी शालान्त परीक्षेतील गुणांवरून शिष्यवृत्त्या देते. ते योग्यच आहे. मीही आजवर त्या यादीचा समर्थक होतो. परंतु ती मदत एका वर्षाची, आणि संशोधनाचे फळ पंधरा-वीस वर्षांनी पदरात पडते. लठ्ठ पगाराची नोकरी नाकारून प्रयोगशाळेत बसू इच्छिणाऱ्या मुलास आज प्रथम घरूनच विरोध होतो, आणि मंडळाच्या यादीत त्याला स्थान नसते. गुणपत्रिका एका दिवसाचे यश सांगते. चिकाटी मोजण्याची सोय तिच्यात नाही. म्हणून निदान एका विद्यार्थ्यास तरी सलग पाच वर्षे, त्याचे प्रयोग फसले तरीही, साहाय्य देणारा निधी आपण उभारावा, अशी माझी नम्र सूचना आहे. माझ्या निवृत्तिवेतनातील एका महिन्याची रक्कम मी त्यासाठी आजच कोषाध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहे.