नाही म्हणण्याचा अधिकार



ख्रिस्ती महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी कोणत्या विषयांवर वाद घालावा, असा प्रश्न निघाला की संस्थाचालकांचे उत्तर बहुधा ठरलेले असते : प्रार्थना, धर्मांतर, आहार, राखीव जागा हे विषय नाजूक आहेत, ते न काढलेलेच बरे. हे उत्तर शांततेचे वाटते; वस्तुतः तो शिक्षणाचा पराभव आहे. मतभेद तीव्र झाले म्हणून महाविद्यालय मोडत नाही. वादातील एका बाजूला सत्तेचे पाठबळ मिळाले की मात्र वाद संपतो आणि बळजबरी सुरू होते. ही सत्ता मिशनची असेल, जातीची असेल, जमावाची असेल किंवा सरकारची.

वर्धेत अध्यापन केलेल्या एका ख्रिस्ती प्राध्यापकाचे आयुष्य या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. एस. के. जॉर्ज हे केरळचे सीरियन ख्रिस्ती. कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजात ते शिकवीत असत. १९३२ मध्ये सविनय कायदेभंगाचे आंदोलन चालू असता ख्रिस्ती माणसाने गांधीजींच्या बाजूने उभे राहिले पाहिजे, असे त्यांनी जाहीरपणे मांडले. चर्चच्या वरिष्ठांना ते मान्य नव्हते. जॉर्ज यांनी नोकरी सोडली. ख्रिस्तावरील श्रद्धा सोडली नाही. पुढे १९३९ साली गांधीजींनी ख्रिस्ती धर्मापुढे ठेवलेल्या आव्हानावर त्यांनी पुस्तकही लिहिले. एका सच्च्या अध्यापकाचे मत त्या महाविद्यालयाला पेलले नाही, एवढाच याचा अर्थ.

महाराष्ट्राला हा अनुभव त्याच्याही जवळजवळ शंभर वर्षे आधीचा आहे. १८३९ मध्ये मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी आणि होर्मसजी पेस्तनजी या पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण त्या वेळच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. धनजीभाईंना स्वेच्छेने राहण्याची मोकळीक मिळाली. पारशी मुलांनी मात्र शाळाच सोडली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्रींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मिशनऱ्यांकडे राहिलेला त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत याला न्यायालयाने वडिलांच्या स्वाधीन केले. पण ज्या समाजाने मुलगा परत मागितला, त्याच समाजातील सनातनी त्याला पंक्तीला घेईनात. त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यासाठी त्यांनी स्वकीयांचा रोष पत्करला. एका बाजूला मिशन, दुसऱ्या बाजूला जात. मधल्या मुलाला काय वाटते, हे विचारण्याची सवड कोणालाच नव्हती.

वर्धा जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता तेव्हाची गोष्ट. १९५४ मध्ये त्या सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा वर्धेच्या वाणिज्य महाविद्यालयात प्राध्यापक असलेले जॉर्ज हे या समितीचे सदस्य होते. शाळा आणि रुग्णालये यांचा उपयोग धर्मांतरासाठी होऊ नये, हे १९५६ च्या अहवालातील म्हणणे रास्त होते. पण धर्मांतराच्याच हेतूने आलेल्या मिशनऱ्यांना परत पाठवावे, अशी शिफारस करताना अहवाल सरकारच्या हाती नवे शस्त्र देत होता. ख्रिस्ती समाजाने त्यावर कडक टीका केली. जॉर्ज आपले प्रतिनिधी नव्हेत, असेही म्हटले गेले.

आणि त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला. त्या दीक्षा समारंभात धर्म बदलणाऱ्यांमध्ये खुद्द न्या. नियोगीही होते! धर्मांतर म्हणजे केवळ आमिष किंवा फसवणूक, या समजाला याहून चोख उत्तर कोणते? विदर्भातील दलिताला धर्मांतर हे आत्मसन्मानाचे बंड वाटले. ते बंड आणि मिशनच्या वसतिगृहातील दडपण या दोन गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत.

मग माप कोणते? विद्यार्थ्याला नाही म्हणता येते काय, आणि नाही म्हटल्यावरही त्याला तेथे सन्मानाने राहता येते काय? संविधानाने हेच माप दिले आहे. अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क दिला. अनुच्छेद २८ ने मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत संमतीशिवाय कोणालाही धार्मिक शिक्षणास किंवा उपासनेस बसविता येणार नाही, असे बजावले. यांतील एकच हक्क सांगणारा माणूस अर्धेच संविधान वाचतो.

याच मापाने राखीव जागांचा प्रश्नही पाहिला पाहिजे. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात पुढे शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. दलित ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिला. एकाच वस्तीतून आलेले दोन विद्यार्थी एका बाकावर बसतात. एकाला सवलत मिळते, दुसऱ्याला मिळत नाही. हा विषय नाजूक म्हणून झाकून ठेवला, तर त्या दोघांत वैर वाढेल. उघडपणे मांडला, तर जात धर्माबरोबर पुसली जात नाही, हे दोघांनाही कळेल.

१९२८ मध्ये साबरमतीला भरलेल्या आंतरराष्ट्रीय मैत्रीसंघापुढे गांधीजींनी सांगितले होते, की समोरच्याने आपल्या धर्मात यावे अशी मनातल्या मनातही इच्छा असेल, तर ती मैत्री खरी नव्हे. हाच निकष राजकीय कार्यकर्त्यालाही लागू आहे. विद्यार्थ्यांच्या वादात आपल्या पक्षासाठी माणसे हेरत बसणारा कार्यकर्ता मिशनऱ्याला दोष देऊ शकत नाही. प्रार्थनेला न गेल्याबद्दल एखाद्याची वसतिगृहातील जागा गेली, तर त्याच्या बाजूने उभे राहावे. आणि प्रार्थनेला गेल्याबद्दल जमावाने एखाद्याला अडविले, तर त्याच्याही बाजूने तितक्याच ठामपणे उभे राहावे. यांतील एकच काम करणाऱ्याला स्वातंत्र्याचे नाव घेण्याचा अधिकार नाही.