धावपट्टीवर पाऊल ठेवण्यापूर्वी



दिवंगत गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ चार शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. स्मृतिव्याख्यान म्हटले की श्रोत्यांना एखाद्या गहन विषयाची अपेक्षा असते. मी मात्र जन्मभर मैदानावर राबलेला शिक्षक. तेव्हा विषयही मैदानाचाच घेतला आहे : प्रथमच मैदानी स्पर्धांत उतरणाऱ्या मुलामुलींनी हंगामाची तयारी कशी करावी आणि आपण वडीलधाऱ्यांनी त्यांना कोणती साथ द्यावी.

उकवा हे मँगनीजच्या खाणीचे गाव. आपल्यापैकी अनेकांच्या घरातील माणसे भूगर्भात उतरून काम करीत आली. छताला आधार दिल्यावाचून पुढे खोदायचे नाही, हे त्यांना कोणी नव्याने सांगावे लागत नाही. शरीराच्या बाबतीत मात्र आपण हाच नियम विसरतो. स्पर्धेचे परिपत्रक येते, मग पंधरा दिवस मुलांना दमेपर्यंत पळवले जाते, आणि तिसऱ्या आठवड्यात नडगी धरून बसलेले मूल ‘आपल्याला हे जमणार नाही’ असे म्हणून मैदान कायमचे सोडते. त्या मुलात गुण नव्हते असे नाही. त्याला आधार मिळण्यापूर्वीच खोदकाम सुरू झाले, एवढेच. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात. हाडे व स्नायुबंध यांना मात्र महिने लागतात. दम टिकू लागला म्हणजे पाय तयार झाले, असे समजू नये.

यासाठी निदान बारा आठवडे हाताशी असावेत. पहिले चार आठवडे आठवड्यातून तीनच दिवस धावावे. एक मिनिट संथ धावावे, दोन मिनिटे चालावे, आणि हा क्रम वीस-पंचवीस मिनिटे चालवावा. धावताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे; बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे, असे जाणावे. पुढील चार आठवड्यांत चालणे कमी करीत वीस ते तीस मिनिटे सलग धावावे, आणि आठवड्यातून एकदा साठ ते ऐंशी मीटरच्या चार-सहा मोकळ्या, तालबद्ध धावा घ्याव्यात. जमीन निसरडी असेल त्या दिवशी ओसरीवर बैठका, दोरीवरच्या उड्या, पोटाचे व पाठीचे व्यायाम करावेत. शेवटच्या चार आठवड्यांत आपापल्या प्रकाराचा सराव करावा : धावपटूने सुरुवातीचा, लांब उडी घेणाऱ्याने पावलांच्या मोजमापाचा, गोळा फेकणाऱ्याने हलक्या गोळ्याने तंत्राचा. कठीण दिवसानंतर सोपा दिवस, आठवड्यातून एक दिवस संपूर्ण विश्रांती, आणि स्पर्धेच्या आठवड्यात निम्मा सराव, हे पथ्य मोडू नये. लहान मुलांना एकाच प्रकारात जखडू नये. त्यांनी धावावे, उड्या माराव्यात, फेकावे.

मैदान नाही, ही सबब मी फार ऐकली. ४०० मीटरची धावपट्टी प्रत्येक शाळेला परवडत नाही, हे खरे. परंतु चुना, दोरी आणि टेप एवढ्या साहित्यावर २०० मीटरची पट्टी आखता येते. दोन सरळ बाजू प्रत्येकी ४० मीटर आणि दोन्ही टोकांना १८.९० मीटर त्रिज्येची अर्धवर्तुळे. उंच कडा नसेल तेव्हा अंतर रेषेपासून २० सेंटीमीटर बाहेर मोजतात. त्या हिशेबाने एक फेरी २०० मीटर भरते.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. आपल्या या मुलखात आणि शेजारच्या विदर्भात सिकलसेलचा दोष अनेक घरांत आढळतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथूनच या आजाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. हंगामापूर्वी प्रत्येक मुलाची रक्ततपासणी व्हावी. ज्याला आजार आहे, त्याने वैद्यकीय सल्ल्यावाचून कष्टाचा सराव करू नये. जो केवळ वाहक आहे, त्याला खेळापासून दूर ठेवण्याचे कारण नाही. पण उन्हात, तहानलेल्या अवस्थेत, तयारीवाचून एकदम जीव तोडून पळवणे त्याच्या जिवावर बेतू शकते. अशा मुलाने थांबण्याची परवानगी मागितली तर त्याला आळशी म्हणू नका. पाणी द्या, सावलीत बसवा, आणि बरे न वाटल्यास ताबडतोब दवाखान्यात न्या.

मित्रहो, लहान गावातून आलेल्यांनी काय साधले, याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे लहानपणी पायी शाळेत जात. सैन्यात दाखल झाल्यावर २०१५ साली ते क्रॉसकंट्री शर्यतींकडे वळले. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांत त्यांनी रौप्यपदक मिळवले. सुवर्ण केवळ ०.०५ सेकंदाने हुकले. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये या प्रकाराची अंतिम फेरी गाठणारे ते पहिले भारतीय पुरुष ठरले. या दोन तारखांमध्ये सात आणि नऊ वर्षे आहेत, पंधरा दिवस नव्हेत, हे ध्यानात घ्यावे.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. चषक जरूर द्या. पण त्याआधी एक वही द्या. तीत प्रत्येक मुलाची आणि मुलीची वेळ, अंतर व तारीख लिहिली जावी. पहिल्या चाचणीत शेवटच्या आलेल्या मुलीचेही नाव त्यात असावे. बारा आठवड्यांनी तिने स्वतःचीच वेळ चार सेकंदांनी सुधारली, तर तिला ते कोणीतरी वाचून दाखवावे. निवड एका दिवसाच्या पळण्यावर होते. घडण मात्र रोजच्या नोंदीतून होते. आणि पहाटे मैदानावर एक जाणते माणूस उभे असेल, तर पालक मुलींनाही निर्धास्तपणे पाठवतील. हे काम पैशाचे नाही, वेळेचे आहे.

गुरुजींचे स्मरण करण्याचा याहून चांगला मार्ग मला दिसत नाही.