चार्ज कसला, ते विचारा

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे ठेवा.

आज मी एकाच शब्दाबद्दल बोलणार आहे. शब्द इंग्रजी आहे, पण शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा तो रोज वापरते. तो शब्द म्हणजे 'चार्ज'.

सकाळी पोरगं ओरडतं, "आई, मोबाईलला चार्जिंग नाही!" दुपारी बँकेचा मेसेज येतो, खात्यातून चार्ज कापला. अंगणवाडीत गेलो तर कळतं, सेविकाताई रजेवर आहेत, चार्ज शेजारच्या ताईंकडे आहे. जाऊबाईंना दवाखान्यातून डिस्चार्ज मिळतो. मोर्च्यावर लाठीचार्ज होतो. कुणावर केस झाली की चार्जशीट दाखल होते. शब्द एकच, पण दर ठिकाणी अर्थ वेगळा.

याच शब्दानं माझी एकदा चांगलीच फजिती केली. म्हैस घ्यायची म्हणून आम्ही दोघं बँकेत कर्ज मागायला गेलो. साहेबांनी सातबारा पाहिला आणि म्हणाले, "ताई, जमिनीवर चार्ज आहे." मला वाटलं, काहीतरी फी राहिली असेल. मी पिशवीतून शंभराची नोट काढून विचारलं, "किती भरायचा?" साहेब हसले. म्हणाले, "हा चार्ज भरायचा नसतो, उतरवायचा असतो. चार्ज म्हणजे बोजा."

झालं होतं असं, की सासऱ्यांनी विहिरीसाठी कर्ज काढलं होतं. ते फिटून नऊ वर्षं झाली होती. पावत्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेल्या. पण सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात बोजा तसाच होता. तो कमी करायचा असतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. तो उतरवण्यात दोन महिने गेले. तोवर ठरवलेली म्हैस दुसऱ्यानं नेली.

तेव्हापासून मी या शब्दाच्या मागेच लागले. त्याचं मूळ ऐकाल तर नवल वाटेल. जुन्या लॅटिन भाषेत 'कारस' म्हणजे गाडा. त्यावरून गाड्यात माल भरणं, ओझं लादणं असा शब्द झाला. तो फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला आणि 'चार्ज' झाला. आपण 'कार' म्हणतो, तोही त्याच घरातला. म्हणजे चार्जचा मुळातला अर्थ बैलगाडी भरणाऱ्या बाईला लगेच कळेल असा आहे: ओझं चढवणं.

आता हा अर्थ लावून बघा. बॅटरी चार्ज करणं म्हणजे तिच्यात वीज भरणं. पदाचा चार्ज घेणं म्हणजे कामाचं ओझं अंगावर घेणं. आपण मराठीत 'कार्यभार' म्हणतो, त्यातही भार आहेच. बँकेचा चार्ज म्हणजे खात्यावर पडलेला भार. चार्जशीट म्हणजे आरोपाचं ओझं. आणि डिस्चार्ज म्हणजे ते ओझं उतरवणं. लाठीचार्ज मात्र थोडा दूरचा, तिथे अर्थ अंगावर धावून जाण्याचा.

म्हणून मैत्रिणींनो, कुणी 'चार्ज' म्हणालं की मान हलवू नका. विचारा, ओझं कसलं? कुणावर? किती? आणि उतरणार कधी?

वीजबिलाचंच घ्या. मराठी बिलात चार्जला 'आकार' म्हणतात. त्यातला 'वीज आकार' जळालेल्या युनिटवर असतो. पण 'स्थिर आकार' महिनाभर घर बंद ठेवलं तरी द्यावाच लागतो. युनिट कमी असूनही बिल का आलं, याचं उत्तर बरेचदा तिथे सापडतं.

बँकेचं घ्या. जनधनचं साधं बचत खातं असेल तर त्यात कमीत कमी रक्कम ठेवायची सक्ती नाही. शिल्लक कमी म्हणून दंड कापला असेल तर पासबुक घेऊन जा आणि विचारा, हा चार्ज कशाचा?

आता आपल्यातल्या अनेकींच्या घरात असलेलं मायक्रोफायनान्सचं कर्ज. वर्षाला 3 लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला तारण न घेता दिलेलं हे कर्ज. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचे नियम 2022 पासून लागू आहेत. कर्ज देण्याआधी एक माहितीपत्रक द्यावं लागतं. व्याज, फी, विमा, सगळं त्यात लिहिलेलं हवं. त्यात नाही तो पैसा तुमच्याकडून घेता येत नाही. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. हप्ता थकला तर दंड थकलेल्या रकमेवरच, सगळ्या कर्जावर नाही. करारही तुम्हाला समजेल अशा भाषेत हवा. तेव्हा कुणी "प्रोसेसिंग चार्ज आहे" म्हणालं, तर एवढंच म्हणा, "दादा, कागदावर दाखवा."

पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवली की एफआयआरची प्रत तक्रार देणाऱ्याला फुकट मिळते. तिला चार्ज नाही. आणि चार्जशीट दाखल झाली म्हणजे गुन्हा शाबित झाला असं नाही. शाबित होणं न होणं कोर्टात ठरतं. गावात कुणाच्या नावाची चर्चा करताना हेही ध्यानात असू द्या.

शेवटी पुन्हा जमिनीकडे येते. दवाखान्यातून माणूस घरी आणताना आपण डिस्चार्जचा कागद घेतल्याशिवाय निघत नाही. जमिनीलाही तसाच डिस्चार्ज हवा. कर्जाचा शेवटचा हप्ता भरला की पावतीवर थांबू नका. बँकेकडून किंवा सोसायटीकडून कर्ज पूर्ण फिटल्याचा दाखला घ्या. तो जोडून तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, बोजा कमी करण्याचा अर्ज द्या. अर्जाची पोच घ्या. फेरफार नोंदला जातो, मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. मग नवा सातबारा काढून 'इतर हक्क' रकाना स्वतःच्या डोळ्यांनी बघा. महाभूलेखवर सातबारा नुसता बघायला पैसे लागत नाहीत, घरातल्या शिकत्या पोराला सांगा.

आणखी एक. कर्जासाठी मूळ कागदपत्रं बँकेत ठेवली असतील, तर कर्ज फिटल्यावर ती 30 दिवसांत परत करायची असतात. हा नियम 1 डिसेंबर 2023 पासून आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई कर्जदाराला द्यावी लागते.

येत्या बचत गटाच्या बैठकीला प्रत्येकीनं घरचा सातबारा घेऊन या. एकमेकींचा वाचा. वाचता येत नसेल तिचा शेजारणीनं वाचावा. फिटलेल्या कर्जाचा बोजा कुणाच्या जमिनीवर राहिलाय का, ते एका बैठकीत कळेल.

ओझं वाहायला आपण बायका कधी मागे हटत नाही. पण जे फिटलंय, ते का म्हणून वाहायचं?